दहा आठवड्यांची साइट, एकोणीस आठवड्यांचे काम

एका ग्रंथालयाची जुनी वेबसाइट नव्याने करून देण्याचे काम आम्ही तिघांनी घेतले, तेव्हा मी लिहून दिलेले वेळापत्रक आजही माझ्याकडे आहे. गरजा समजून घेणे, आराखडा, दृश्यरचना, कोडिंग, चाचणी आणि प्रकाशन असे सहा टप्पे, प्रत्येकापुढे आठवड्यांचा आकडा आणि तळाशी बेरीज दहा. प्रत्यक्षात साइट लोकांसमोर आली ती एकोणिसाव्या आठवड्यात. त्यांपैकी कोडिंगला जेमतेम चार आठवडे लागले, म्हणजे मी धरले होते तेवढेच. वाढलेल्या नऊ आठवड्यांपैकी एकही आठवडा वेळापत्रकात नाव असलेल्या कोणत्याही कामाने खाल्लेला नव्हता.

टप्प्यांची ही उतरंड आमच्या क्षेत्रात फार जुनी आहे. सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधात एकाखाली एक उतरत जाणाऱ्या चौकटींची आकृती आहे आणि पुढे या पद्धतीला धबधब्याचे नाव पडले. रॉइस यांनी मात्र त्याच निबंधात अशी सरळ उतरणारी पद्धत जोखमीची असल्याचे बजावले होते, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तोवर कागदावर गृहीत धरलेले सारे तिथे पहिल्यांदा प्रत्यक्षात उतरते. तो निबंध मी बऱ्याच उशिरा वाचला. वेळापत्रक लिहिताना माझ्यासमोर फक्त चौकटी होत्या.

पहिल्या बैठकीला ग्रंथपाल बाई, कार्यकारी समितीचे दोन सदस्य आणि जुनी साइट अनेक वर्षे हौसेने सांभाळणारे एक गृहस्थ उपस्थित होते. मी विचारले, ‘‘साइट कशी हवी आहे?’’ प्रश्न असा मोघम असला की उत्तरेही तशीच येतात. एका सदस्यांना पहिल्या पानावर आपोआप सरकणारी छायाचित्रे हवी होती, दुसऱ्यांना निळा रंग नको होता आणि तासभर चर्चा रंगांवरच झाली. शेवटी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘‘लोक आम्हाला फोनवर दिवसभर काय विचारतात ते सांगू का?’’ त्यांनी पुढचा आठवडाभर फोनजवळ एक वही ठेवली. प्रश्न आला की त्यापुढे एक उभी रेघ आणि पाचवी रेघ आधीच्या चारांवर आडवी, असा तो हिशेब होता. वहीचे ते पान मी अजून विसरलेले नाही. आज ग्रंथालय उघडे आहे का, अमुक पुस्तक आहे का आणि घरी नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळेल का, या तीन प्रश्नांपुढे रेघांची दाटी होती. संस्थेचा इतिहास आणि समितीची ओळख यांच्यापुढे, म्हणजे जुन्या साइटच्या पहिल्या पानाचा तीन चतुर्थांश भाग ज्यांनी व्यापला होता त्यांच्यापुढे, एकही रेघ नव्हती. सरकत्या छायाचित्रांचा विषय त्या पानाने वाद न होता मिटवला.

मात्र त्याच बैठकीत तीन गोष्टी विचारायच्या मी विसरले. नव्या साइटचा मजकूर कोण लिहिणार, जुन्या साइटवर नेमके काय काय आहे आणि डोमेनच्या, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे. तिन्हींची उत्तरे कोणाला तरी ठाऊक असतीलच, असे मी धरून चालले.

आराखड्याचे काम आनंदाचे होते. साइटवर येऊ शकणारा प्रत्येक विषय आम्ही एकेका कार्डावर लिहिला आणि पाच वाचकांना वेगवेगळे बसवून ती कार्डे त्यांच्या समजुतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावायला सांगितली. एका कार्डावर ‘ओपॅक’ असे लिहिले होते. ग्रंथालयांच्या व्यवहारात हा रुळलेला शब्द आहे, वाचकांना संगणकावर पाहता येणारी पुस्तकांची सूची असा त्याचा अर्थ, आणि कर्मचारी तो दिवसातून वीस वेळा उच्चारत असल्यामुळे जुन्या साइटवरच्या बटणावरही तोच होता. पाचपैकी चार वाचकांनी ते कार्ड बाजूला ठेवले. पाचव्याने ते ‘संगणक दुरुस्ती’ या कार्डाशेजारी ठेवले. नव्या साइटवर त्या बटणावर ‘पुस्तक शोधा’ असे आले, पण त्यासाठी समितीत अर्धा तास खर्ची पडला, कारण एका सदस्यांच्या मते हा शब्द संस्थेला शोभेसा नव्हता.

वायरफ्रेम दाखवताना, म्हणजे पानाचा रंगहीन कच्चा आराखडा समोर ठेवताना, साइट अशी काळीपांढरीच राहणार का, हा प्रश्न येतोच. इथेही आला. हल्ली मी तो विचारला जाण्याआधीच उत्तर देऊन टाकते. माझी खरी चूक वेगळी होती. त्या चौकटींत मी भरीचा लॅटिन मजकूर घातला होता. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या एका तत्त्वचर्चेतून मोडतोड करून घेतलेला हा मजकूर छपाईवाले आणि नंतर वेबवाले वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, आणि त्याचा दोष असा की तो कुठेही नेमका बसतो. प्रत्येक शीर्षक एका ओळीचे, प्रत्येक परिच्छेद तीन ओळींचा, प्रत्येक पुस्तकाला मुखपृष्ठ. पाचव्या आठवड्यात समितीने दृश्यरचना मंजूर केली ती या भरीच्या मजकुरावर, आणि सहाव्या आठवड्यात मी सहज विचारले, ‘‘मजकूर कधी मिळेल?’’

खोलीत शांतता पसरली. ग्रंथपाल बाईंना वाटत होते की समिती लिहिणार, समितीला वाटत होते की जुनाच मजकूर उचलायचा आहे, आणि जुनी साइट सांभाळणाऱ्या गृहस्थांची समजूत अशी की मजकूर लिहिणे हे साइट करणाऱ्यांचेच काम असते. पुढचे सहा आठवडे यातच गेले. कोडिंग त्या काळात सुरू झाले आणि संपलेही, पण तयार पाने रिकामी उभी होती. जो मजकूर थोडाथोडा येत होता, तो मंजूर दृश्यरचनेत मावत नव्हता. एका व्याख्यानाचे शीर्षक इतके लांबलचक होते की कार्यक्रमाच्या चौकटीतून बाहेर पडून ते शेजारच्या तारखेवर चढले. सूचीतल्या जुन्या पुस्तकांपैकी बहुतेकांना मुखपृष्ठाचे छायाचित्रच नव्हते, त्यामुळे शोधाच्या निकालात सुबक मुखपृष्ठांऐवजी करड्या रिकाम्या चौकोनांची रांग दिसू लागली. त्या चौकोनांत पुस्तकाचे नाव आणि लेखक ठळक अक्षरांत दाखवण्याची तोड आमच्या डिझायनरने काढली, आणि माझ्या मते संपूर्ण साइटवरची ती सर्वांत देखणी गोष्ट ठरली; पण ती सुचायला खरा मजकूर समोर यावा लागला.

कोंडी फुटली ती अगदी साध्या मार्गाने. सर्वांना दिसेल अशा एका तक्त्यात मी प्रत्येक पानासाठी एक ओळ केली आणि पुढे लिहिणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख असे रकाने ठेवले. कोऱ्या रकान्याइतका बोलका तगादा नाही. तरीही सभासदत्वाच्या नियमांचे पान हलेना, तेव्हा मी दोन दुपारी ग्रंथपाल बाईंसमोर जाऊन बसले. त्या बोलत होत्या आणि मी टंकत होते. मूळ नियम असा होता : ‘विहित मुदतीत ग्रंथ परत न केल्यास सभासद दंडास पात्र राहील.’ मी विचारले, ‘‘खिडकीशी आलेल्या माणसाला तुम्ही हे कसे सांगता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पुस्तक वेळेत परत केले नाही तर दंड लागतो, पण मुदत संपण्याआधी कळवले तर वाढवून देतो.’’ आम्ही तेच वाक्य घेतले आणि त्याच्याखाली मुदत वाढवण्याचे बटण ठेवले. मूळ नियमावली गंभीर भाषेतच राहिली पाहिजे, हा समितीचा आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता, कारण वाद झाला तर शब्दाला शब्द लागतो. म्हणून ती एका वेगळ्या पानावर जशीच्या तशी ठेवली.

दृश्यरचनेबद्दल एकच गोष्ट सांगते. आमच्या डिझायनरला फिका करडा रंग प्रिय आहे, आणि पुस्तकांचे तपशील त्याने ९९९९९९ या सांकेतिक क्रमांकाच्या करड्या रंगात ठेवले होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर या रंगाची उजळपणातली तफावत २.८५ला १ इतकीच भरते, आणि सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांसह सर्वांना साइट वापरता यावी यासाठीच्या, प्रचलित निकषांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांसाठी ती किमान ४.५ला १ असावी लागते. त्याला आकडे पटेनात, म्हणून आम्ही फोन घेऊन भर उन्हात जाऊन उभे राहिलो. पुस्तकाचे नाव दिसत होते, लेखक दिसत नव्हता. परत येऊन त्याने ७६७६७६ निवडला. तो निकषाच्या जेमतेम वर, ४.५४ला बसतो. त्याहून गडद होणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले आणि मीही ताणले नाही.

कोडिंगबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, आणि ते चांगले लक्षण आहे. प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत, नोंदवला जात होता, आणि लोकांना न दिसणारी साइटची एक प्रत आम्ही पहिल्या आठवड्यापासून स्टेजिंग सर्व्हरवर चालू ठेवली होती, त्यामुळे ग्रंथपाल बाई वाटेल तेव्हा तिथे डोकावत. छायाचित्रे फोनवरून थेट आलेली, चार हजार पिक्सेल रुंदीची असत; ती चढवतानाच आपोआप लहान होतील आणि प्रत्येकाची रुंदी व उंची कोडमध्ये आधी सांगितली जाईल अशी सोय केली, म्हणजे चित्र उशिरा आले तरी वाचत असलेली ओळ एकदम खाली ढकलली जात नाही. ही स्टेजिंगची प्रत चुकून शोधयंत्रांच्या हाती लागू नये म्हणून मी पानांच्या मूळ साच्यात एक ओळ घातली : या पानाची नोंद घेऊ नका, असे शोधयंत्रांना सांगणारी. ती ओळ मीच लिहिली, हे इथे नमूद करते, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

चाचणीसाठी आम्ही पुन्हा पाचच माणसे बोलावली. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हा आडाखा आहे की पाच जणांना वापरताना पाहिले तरी वापरातल्या बहुतांश अडचणी उघड होतात, आणि आमचा अनुभव त्याला धरूनच होता. आमचा नियम एवढाच होता की मदत करायची नाही आणि बोलायचेही नाही. हे जमणे कोडिंगपेक्षा अवघड आहे. पहिल्याच गृहस्थांनी पुस्तक शोधले, निकालातल्या एका पुस्तकावर बोट ठेवले, तपशील वाचला आणि मागे जाण्याचे बटण दाबले; शोधाची चौकट कोरी होऊन सगळा निकाल नाहीसा झाला होता. त्यांनी तक्रार केली नाही. शांतपणे तेच नाव पुन्हा टंकले, दुसरे पुस्तक पाहिले, मागे गेले आणि तिसऱ्यांदा टंकायला लागले. शेजारी बसून ते पाहताना मला अक्षरशः घाम फुटला, कारण ही साइट मी शेकडो वेळा वापरली होती आणि दर वेळी एकच पुस्तक शोधून थांबले होते. दुसऱ्या एका बाई फक्त कीबोर्डवर काम करतात; त्यांना मेनू उघडताच आला नाही, कारण तो माउस वर नेल्यावरच उघडत होता. सभासदत्वाच्या अर्जात आडनाव सक्तीचे होते, आणि पाचपैकी एकाला आडनावच नव्हते. त्याने त्या चौकटीत एक टिंब देऊन वाट काढली. हे तीनही दोष दोन दिवसांत दुरुस्त झाले.

तेराव्या आठवड्यानंतर दुसरा न विचारलेला प्रश्न समोर आला. जुन्या साइटवर हाताने लिहिलेली ४१२ पाने निघाली, त्यांतली कित्येक एकाच मजकुराच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या होत्या, आणि फाइलींची नावे ‘नवीन’, ‘नवीन-२’, ‘नवीन-अंतिम’ अशी होती. नव्या साइटवर त्यांची ९६ पाने झाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले आहे की चांगले वेबपत्ते बदलत नाहीत. आमचे बदलणार होते, म्हणून जुन्या प्रत्येक पत्त्यापुढे नवा पत्ता लिहून ३०१ क्रमांकाच्या कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाची, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्याकडे पाठवण्याची, यादी करावी लागली. कंटाळवाणे काम आहे, आणि त्यात एक आठवडा गेला.

तिसऱ्या प्रश्नाने दोन आठवडे घेतले. डोमेन पूर्वी कधीतरी एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर नोंदवले गेले होते, ते कर्मचारी संस्था सोडून गेले होते आणि तो ईमेल बंद पडला होता. ओळख पटवणारी कागदपत्रे, समितीचा ठराव आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहार, असे सगळे होईपर्यंत तयार साइट नुसती बसून होती. खाते हाती आल्यावर डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावाला सर्व्हरचे पत्ते जोडून देणाऱ्या नोंदींची यादी, नव्या जागी हलवायचे होते. नव्या जागी मी साइटच्या नोंदी भरल्या आणि काम झाले असे म्हणणार, तोच सहकाऱ्याने हट्ट धरला की जुनी यादी तो मोठ्याने वाचेल आणि मी एकेक खूण करीन. चौथीच नोंद वाचताना मी थांबले. ती एमएक्सची, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायची हे सांगणारी नोंद होती, आणि ती मी भरलीच नव्हती. तसेच हलवले असते तर साइट उत्तम चालली असती आणि ग्रंथालयाला येणारी पत्रे मात्र बंद झाली असती, तीही कोणाच्या चटकन लक्षात न येता, कारण न आलेले पत्र कोणाला दिसत नाही.

प्रकाशन आम्ही मंगळवारी सकाळी केले. शुक्रवारी साइट लाइव्ह करू नये हा या धंद्यातला जुना संकेत आहे, कारण बिघडले तर दुरुस्त करायला माणसे नसतात. दोन दिवस आधी पत्त्याच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर संगणकांनी ती नोंद जपून ठेवण्याची मुदत, ८६,४०० सेकंदांवरून, म्हणजे पूर्ण दिवसावरून, ३०० सेकंदांवर आणून ठेवला होता. त्यामुळे पत्ता बदलल्यावर बहुतेकांना पाच-दहा मिनिटांतच नवी साइट दिसू लागली, आणि काही बिघडले असते तर तितक्याच लवकर मागे फिरता आले असते. ग्रंथपाल बाईंचा फोन आला, ‘‘दिसतेय हो!’’

दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदवहीत ४०४चे, म्हणजे पान न सापडल्याचे, अनेक शेरे दिसले आणि सगळे एकाच प्रकारच्या पत्त्यांचे. ग्रंथालयातल्या प्रत्येक कपाटावर एक क्यूआर कोड चिकटवलेला होता आणि तो त्या कपाटातल्या पुस्तकांच्या पीडीएफ यादीकडे नेत असे. मी जुनी पाने मोजली होती. पाने नसलेल्या फाइली मोजल्याच नव्हत्या. पुनर्निर्देशनाच्या यादीत ५८ ओळी वाढवल्या आणि संध्याकाळपर्यंत कपाटे बोलू लागली.

नवव्या दिवशीची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. ग्रंथपाल बाईंनी कळवले, ‘‘आपले नाव टाकून शोधले की निदान जुनी साइट तरी यायची. आता काहीच येत नाही.’’ मी पानाचा मूळ कोड उघडला आणि सातव्या ओळीवर ती ओळ दिसली. स्टेजिंगवरून सगळे उचलून आणताना तीही सोबत आली होती. म्हणजे जुने पत्ते वाचकाला आणि शोधयंत्रालाही अगदी शिस्तीत नव्या पानांकडे पाठवत होते, आणि नवी पाने शोधयंत्राला सांगत होती की आमची नोंद घेऊ नका. दोन्ही कामे बिनचूक चालू होती. ओळ काढायला दोन मिनिटे लागली, सगळी पाने शोधात परत दिसायला काही आठवडे. मी समितीला पत्र लिहून चूक माझी असल्याचे कळवले. उत्तरात एका सदस्यांनी विचारले होते की आता निळा रंग काढता येईल का.

राहता राहिले हस्तांतरण. रोजच्या सूचना कर्मचाऱ्यांनाच लावता याव्यात म्हणून मी एका सकाळी त्यांना शिकवायला गेले. बॅकअप कसा घ्यायचा एवढेच नव्हे, तर तो परत कसा बसवायचा हेही करून दाखवले, कारण परत बसवून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. त्यानंतर मदतनीस मुलाने सरावासाठी एक सूचना लिहिली, शीर्षकात ‘चाचणी’ आणि मजकुरातही ‘चाचणी चाचणी’, आणि मसुदा म्हणून जतन करण्याऐवजी शेजारचे प्रकाशित करण्याचे बटण दाबले. आम्ही चहा घेऊन परत येईतो फोन वाजला. ग्रंथपाल बाईंनी तो उचलला, थोडे ऐकले आणि माझ्याकडे पाहत हाताने रिसीव्हर झाकला. कोणी पालक होते. चाचणी कोणत्या इयत्तेसाठी आहे आणि नावे कधीपर्यंत द्यायची, असे ते विचारत होते.